मॉरिशसला पाच दिवस, रोज पावसाचं चिन्ह: बोटीचा दिवस कुठला धरू?

उद्यमनगर_लेथ (शनिवार, रात्री ९.४०)

सोमवारी रात्री आई-बाबांना घेऊन मुंबईहून मॉरिशसला निघतोय. धाकटी बहीण तिथं कात्र बोर्नला असते, चार वर्षं झाली बोलावतेय. बाबा ७३ वर्षांचे. अडतीस वर्षं फाउंड्रीत भट्टीसमोर काढली. समुद्र पाहिला तो गणपतीपुळ्याचा, तोही पाय भिजवण्यापुरता. बोटीत बसून एखाद्या बेटावर जायचं, एवढी एकच गोष्ट त्यांनी आजवर तोंडानं मागितली. आईचं उलट आहे. करूळ घाटात एस.टी. वळायला लागली की तिच्या हातात लिंबू लागतं.

बहिणीनं पूर्व किनाऱ्यावरच्या त्रू दो दूसहून इल ओ सेर बेटावर जायची बोट बघून ठेवलीय. दिवस कुठला ते उद्या रात्रीपर्यंत कळवायचंय. मोबाईलवर मंगळवार ते शनिवार पाचही दिवस ढग आणि थेंब दिसतात. पावसाची शक्यता ७०, ७०, ६०, ४०, ४० टक्के. वारा मंगळवार-बुधवारी ताशी ३५, झोत ६० पर्यंत. शुक्रवारी २०.

बहीण म्हणते, "रोजच दाखवतं, लक्ष देऊ नको." तिच्यावर विश्वास आहे, पण सोबत दोन म्हातारी माणसं आहेत. इकडं कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर आज ३६ फूट पाणी झालंय, त्यामुळं पावसाचं चिन्ह दिसलं की पोटात गोळाच येतो. जाणकारांनी सांगा.

रंकाळावेस (शनिवार, रात्री १०.०५)

पाचही दिवस पाऊस आणि साठचे झोत म्हणजे गगनबावड्यात छत्री उघडण्यातला प्रकार. म्हाताऱ्या माणसांना घेऊन कशाला धोका पत्करताय? तिकिटं पुढं ढकलता आली तर ऑक्टोबर बघा, तिथला सगळ्यात कोरडा महिना तोच, असं वाचलंय.

भूगोल_गुरुजी (शनिवार, रात्री ११.२०)

ऑक्टोबरचं बरोबर आहे, पण एवढ्यासाठी तिकिटं हलवायची गरज नाही. उद्यमनगर, तुम्ही चुकीची ओळ आधी वाचताय. आपल्याकडं अंदाज बघताना पहिली नजर पावसावर जाते. व्यापारी वाऱ्यांच्या बेटावर पहिली नजर वाऱ्यावर जायला हवी. पाऊस कुठं पडणार, किती वेळ पडणार, समुद्र कसा असणार, हे तिथं वाराच ठरवतो.

शाळेत आग्नेय व्यापारी वारे शिकलेले आठवतात का? मॉरिशस विषुववृत्ताच्या दक्षिणेला २० अंशांवर. त्याच्याही खाली, ३० अंशांच्या आसपास, हवेच्या जास्त दाबाची केंद्रं असतात. दक्षिण गोलार्धात अशा केंद्राभोवती वारा घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतो. मॉरिशस त्याच्या उत्तर कडेला येतं, म्हणून तिथं वारा आग्नेयेकडून, पूर्वेकडून येतो आणि जून ते सप्टेंबर तो सगळ्यात जोरात असतो. आत्ता तिथं हिवाळा आहे, हे विसरू नका.

हा वारा समुद्रावरची वाफ घेऊन येतो आणि बेटाच्या मधल्या पठारावर चढतो. पठारावरचं क्युरपीप गाव साधारण ५५० मीटर उंचीवर आहे, सगळ्यात उंच शिखर ८२८ मीटर. हवा चढली, गार झाली, ढग झाला, सर पडली. पलीकडं पश्चिमेला उतरताना तीच हवा कोरडी होते. हे मी तुम्हाला कशाला सांगू, आपल्या जिल्ह्यात हेच तर आहे! गगनबावड्यात वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पडतो आणि शिरोळला जेमतेम पाचशे-सहाशे. मध्ये अंतर किती, तर शंभर किलोमीटर. मॉरिशस अख्खं ६५ किलोमीटर लांब आणि ४५ रुंद, म्हणजे गगनबावडा ते शिरोळ हा सगळा फरक तिथं तासाभराच्या गाडीत बसतो. फक्त दिशा उलटी. आपली ओली बाजू पश्चिम, त्यांची पूर्व.

पण एक मोठा फरक आहे आणि तुमच्या कामाचा तोच आहे. तिथल्या हिवाळ्यात साधारण दोन किलोमीटर उंचीवर कोरड्या, उबदार हवेचा थर बसलेला असतो. पातेल्यावर झाकण ठेवावं तसा. ढगाला त्याच्या वर जाता येत नाही, म्हणून ढग बुटके राहतात आणि सरी लहान. आपल्या आषाढासारखी दोन-दोन दिवस न थांबणारी धार तिथं या दिवसांत सहसा नसते.

आता तो ७० टक्क्यांचा आकडा. त्याचा अर्थ दिवसातले सत्तर टक्के तास पाऊस असा नाही. त्या ठिकाणी दिवसभरात कधीतरी पाऊस पडायची शक्यता तेवढी, इतकंच. सर पाच मिनिटांची असली तरी चिन्ह थेंबाचंच येतं. शिवाय जगभराचे अंदाज काढणारी संगणकी प्रारूपं पृथ्वीचे चौकोन पाडून गणित करतात. युरोपीय हवामान केंद्राच्या प्रारूपाचा चौकोन साधारण ९ किलोमीटरचा. रंकाळा, उद्यमनगर आणि शिंगणापूर एकाच चौकोनात टाकल्यासारखं होतं. डोंगराची उंचीही त्यात सपाट होऊन जाते. क्युरपीपच्या सरींचा पाऊस मोबाईल खालच्या किनाऱ्यालाही वाटून टाकतो तो असा.

इचलकरंजीची_लेक (रविवार, सकाळी ७.१५)

नमस्कार दादा. लग्न होऊन इथं आले त्याला अकरा वर्षं झाली. आम्ही फ्लाकला राहतो, म्हणजे बरोबर वाऱ्याच्या तोंडाला, त्रू दो दूस इथून जवळच. गुरुजींनी सांगितलं ते मी रोज दोरीवरच्या कपड्यांत बघते.

सर कशी येते सांगते. समोर प्रवाळाच्या कड्यावर लाटा फुटतात, ती पांढरी रेघ दिसत असते. त्या रेघेच्या पलीकडं समुद्र एकदम शिसवी रंगाचा होतो आणि करड्या पडद्यासारखं काहीतरी चालत येताना दिसतं. आधी वारा थोडा वाढतो, माडाच्या झावळ्या एका बाजूला वळतात. मग मोठे थेंब, पाच-सात मिनिटं. कपडे काढून आत आणेपर्यंत ऊन पडलेलं असतं आणि पश्चिमेला डोंगरावर इंद्रधनुष्य. असं दिवसातून तीनदा होतं, कधी सहादा. पहाटे आणि सकाळी लवकर जास्त, दुपारी कमी. शेजारच्या आजी बाहेर बघून नुसतं "लाप्ली" म्हणतात, म्हणजे पाऊस, आणि हातातलं काम तसंच चालू ठेवतात.

तुमच्या बहिणीचं कात्र बोर्न पठाराच्या उतारावर आहे. तिथून वर क्युरपीपकडं गेलात की भुरभूर आणि गारठा, रात्री १४-१५ अंश. आईंना स्वेटर आणि कानटोपी घ्याच. आपल्याकडचे लोक बेटाचं नाव ऐकून नुसते सुती कपडे भरून आणतात आणि मग इथं शाल शोधत फिरतात. तिथूनच खाली पश्चिमेला फ्लिक-आँ-फ्लाकला उतरलात तर लख्ख ऊन आणि २५ अंश. एकाच तासात दोन्ही.

इथल्या हवामान खात्याचं कार्यालय वाकोआला आहे. त्यांचं रोजचं पत्रक मोबाईलच्या चिन्हापेक्षा शंभर पटीनं कामाचं. त्यात "पूर्वेला आणि डोंगराळ भागात अधूनमधून सरी" असं जागा सांगून लिहिलेलं असतं. पुढं वाऱ्याची दिशा, वेग, झोत. आणि शेवटी समुद्र: प्रवाळाच्या कड्याबाहेर लाटा किती. ते शेवटचं वाक्य बाबांच्या बोटीसाठी सगळ्यात महत्त्वाचं.

उद्यमनगर_लेथ (रविवार, सकाळी ८.३०)

ताई, गुरुजी, फार आभार. चहा पिता पिता बाबांना वाचून दाखवलं. गगनबावडा-शिरोळचं ऐकल्यावर ते म्हणाले, "मग बेटाला पाठ असणार की. आपण पाठीकडनं जाऊया." अजून दोन शंका. साठचा झोत बोटीला किती वाईट? आणि मंगळवारी ३५, शुक्रवारी २० हे खरं मानायचं का?

दर्यावर्दी_कागल (रविवार, सकाळी ९.५०)

एकोणीस वर्षं मालवाहू जहाजावर आहे, पोर्ट लुई बंदरात तीनदा लागलोय.

आधी एकक तपासा. काही ॲपवर वारा नॉटमध्ये असतो. १ नॉट म्हणजे १.८५ किलोमीटर. ३५ नॉट असेल तर ताशी ६५ किलोमीटर होतो, आणि मग बोटीचा विषयच संपला. तुमचे आकडे किलोमीटरमध्येच आहेत ना, ते आत्ताच बघून घ्या.

दुसरं, मॉरिशसला समुद्र दोन आहेत. कड्याच्या आतला उथळ, निळाहिरवा, आणि कड्याबाहेरचा खरा हिंदी महासागर. लाटा कड्यावर फुटतात, आत पोचतं ते नुसतं हेलकावणारं पाणी. इल ओ सेरला जाणारी बोट कड्याच्या आतूनच जाते आणि वाट फार नाही, दहा-पंधरा मिनिटांची. ३५ च्या वाऱ्यात तीसुद्धा उडते आणि अंगावर पाणी घेते, पण धोका वेगळा आणि भिजणं वेगळं. आईंना त्रास होईल तो मात्र होईलच. २० च्या वाऱ्यात तीच बोट शांत चालते.

कड्याबाहेर जाणारी सफर असेल तर वाऱ्याच्या जोडीला लांबून आलेली लाट बघा. मॉरिशसच्या पार खाली, ४०-५० अंशांवर, हिवाळ्यात मोठी वादळं फिरत असतात. त्यांची लाट दोन-तीन दिवस प्रवास करून बेटावर पोचते. वारा पडलेला असतो, आकाश निळं असतं आणि दक्षिणेला लाट तीन मीटरची. दोन लाटांमधला वेळ १२-१४ सेकंद दिसला तर ओळखा की ती लांबची आहे आणि तिच्यात ताकद आहे. दक्षिण टोकाला ग्रि-ग्रि नावाची जागा आहे, तिथं कडा तुटलेला आहे आणि ही लाट थेट खडकावर येते. लांबून बघा. खाली खडकांवर फोटोला उतरू नका, बाबांनाही उतरू देऊ नका.

भूगोल_गुरुजी (रविवार, सकाळी १०.३०)

मंगळवार-शुक्रवारच्या फरकावर माझा विश्वास बसतो, कारण त्याला कारण आहे. हिवाळ्यात बेटाच्या दक्षिणेनं थंड हवेची आघाडी सरकते, तिच्या मागोमाग नवं जास्त दाबाचं केंद्र पश्चिमेकडून येतं. ते बेटाच्या दक्षिणेला आलं की दाबातला फरक वाढतो, वारा दोन-तीन दिवस कडक होतो, गारठा वाढतो, पूर्वेला सरी वाढतात. मग केंद्र पूर्वेला निघून जातं, वारा सैल पडतो आणि आग्नेयेऐवजी पूर्वेकडून, कधी ईशान्येकडून यायला लागतो. आठवडाभरात असं एक आवर्तन होऊन जातं. तुमच्या आकड्यांत तेच दिसतंय. मंगळवार-बुधवार केंद्र दक्षिणेला, शुक्रवारपर्यंत पुढं गेलेलं.

एवढ्या मोठ्या हालचालीचा अंदाज चार-पाच दिवस आधी चांगला कळतो. अमुक सर अमुक वाजता पडेल, हे मात्र दोन तास आधीही कुणी सांगू शकत नाही. म्हणून दिवस वाऱ्यावरून ठरवा आणि तास डोळ्यांनी.

सायकलवाली_टाकाळा (रविवार, दुपारी १२.१०)

माझा अनुभव लिहिते, कारण तो कुणाच्याच वाट्याला येऊ नये असं वाटतं. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये सासूबाईंना घेऊन गेलो होतो. एका सफरवाल्याकडं उत्तरेच्या छोट्या बेटांची मोठी शिडाची बोट ठरवली. आदल्या दिवशी वारा बघून मी दोनदा विचारलं. "काही होत नाही, रोज जातो." कड्याबाहेर पडलो आणि पाऊण तास बोट उभी-आडवी होत होती. सासूबाई बाकाच्या पायाला धरून जमिनीवर बसल्या होत्या, तोंडातून शब्द नाही. माझ्या मुलाचे ओठ पांढरे पडलेले. परत फिरवा म्हटलं तर बाकीच्यांनी पैसे भरलेत म्हणाले. सासूबाई आजही टीव्हीवर समुद्र दिसला की उठून आत जातात. त्यांचं पहिलं आणि शेवटचं समुद्रदर्शन असं झालं, याचं मला अजून वाईट वाटतं.

बोट ठरवताना विचारा: कड्याच्या आतून जाणार की बाहेरून? वारा वाढला तर दिवस बदलून देणार का? अर्ध्यातून परत आणणार का? तोंडी नको, मेसेजवर लिहून घ्या.

इचलकरंजीची_लेक (रविवार, दुपारी १.४०)

ताई, वाचून कसंतरी झालं. या दिवसांत उत्तरेची बेटं म्हाताऱ्या माणसांसाठी नाहीतच, असं मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

उद्यमनगर दादा, माझं ऐकाल तर मंगळवारी आराम. बुधवारी वारा कडक असताना पोर्ट लुईला जा, ते डोंगराच्या आडोशाला आहे, तिथं वारा जाणवतही नाही. आप्रवासी घाट नक्की दाखवा. १८३४ पासून मजूर ज्या धक्क्यावर उतरले त्याच्या पायऱ्या अजून आहेत. त्यांत आपल्या कोकणातली माणसंही होती. त्यांची पाचवी-सहावी पिढी आज इथं मराठी म्हणवून घेते आणि गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. गुरुवारी गंगा तलाव, इथलं हिंदूंचं तीर्थ, पण वर धुकं आणि भुरभूर धरूनच चला. बोट शुक्रवारी, दहाच्या पुढची. सकाळच्या सरी तोवर सरतात. आणि परतीचं साडेतीनच्या आत, कारण इथं सहाच्या आतच सूर्य मावळतो.

एक सूचना. "पश्चिम म्हणजे शांत" हे सरसकट धरू नका. नैऋत्य टोकाच्या ल मोर्नला वारा डोंगराला वळसा घालून जास्तच जोरात येतो. पतंग बांधून लाटांवर खेळणारे म्हणूनच तिथं जमतात.

रंकाळावेस (रविवार, दुपारी २.३०)

माझा सल्ला मागं घेतो. पण चक्रीवादळाचं काय?

दर्यावर्दी_कागल (रविवार, दुपारी २.५०)

आत्ता नाही. तिकडचा हंगाम नोव्हेंबर ते मेच्या मध्यापर्यंत. जानेवारी २०२४ मध्ये बेलाल आलं तेव्हा पोर्ट लुईच्या रस्त्यांवरून गाड्या वाहून गेल्या होत्या. त्या दिवसांत जाणाऱ्यांनी खात्याचे इशाऱ्याचे वर्ग समजून घ्यावेत. जुलैत गरज नाही.

ऊसवाला_शिरोळ (रविवार, संध्याकाळी ६.००)

सगळा धागा वाचला. तुम्ही मॉरिशसच्या वाऱ्याबद्दल बोलताय, पण हा वारा आमच्या रानात येतो. त्या बेटांच्या दक्षिणेला जो जास्त दाब आहे त्याला मॅस्करीन म्हणतात. तिथला वारा विषुववृत्त ओलांडतो, सोमालियाच्या किनाऱ्यानं वळतो आणि नैऋत्य मोसमी वारा होऊन सह्याद्रीवर आपटतो. २०१९ ला पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, २०२१ ला ५६ च्या. दोन्ही वेळा माझा ऊस पंधरा दिवस पाण्याखाली होता. शेंडे कुजल्याचा वास अजून नाकात आहे. तेव्हापासून मी रोज रात्री दाबाचे नकाशे बघतो. मॅस्करीनचा दाब चढला की आठवड्याभरात राधानगरी धरणाचे दरवाजे उघडतात, असं मला दिसतंय. बरोबर का गुरुजी?

भूगोल_गुरुजी (रविवार, रात्री ८.१५)

वाट तुम्ही अगदी बरोबर सांगितलीत. विषुववृत्त ओलांडल्यावर पृथ्वीच्या फिरण्यामुळं वारा उजवीकडं वळतो, म्हणून आग्नेय वारा नैऋत्य होतो. मॉरिशस ते कोल्हापूर सरळ रेषेत साधारण साडेचार हजार किलोमीटर, वाऱ्याची वाट त्याहून लांब, म्हणजे आठवडाभराचा हिशेबही अवास्तव नाही.

पण एवढ्यावर जनावरं हलवायचा निर्णय घेऊ नका. मॅस्करीन वारा ढकलतो. तो घाटावर किती पाऊस टाकेल हे बंगालच्या उपसागरात कमी दाब तयार होतो का, कोकण किनाऱ्याला समांतर कमी दाबाचा पट्टा बसतो का, यावर ठरतं. वारा जोरात आणि पाऊस कमी असेही आठवडे मी पाहिलेत. तुमच्यासाठी बंधाऱ्याची पातळी, ३९ फुटांचा इशारा आणि ४३ फुटांचा धोका, हेच खरं. नकाशा हा त्याच्या आधीचा कानोसा.

ऊसवाला_शिरोळ (रविवार, रात्री ८.४०)

पटलं. म्हशी मात्र उद्याच बहिणीकडं जयसिंगपूरला नेऊन बांधतो. नुसता कानोसा असला तरी रात्री झोप लागत नाही.

उद्यमनगर_लेथ (बुधवार, रात्री ९.००, कात्र बोर्नहून)

पोचलो. विमान आग्नेयेला माहेबूरजवळ उतरतं. दारातून बाहेर आलो आणि पहिली सर तिथंच. ताईंनी लिहिलं तस्सं: मोठे थेंब, सात मिनिटं, ऊन. बाबांनी घड्याळ लावून मोजलं.

आज पोर्ट लुईला डोंगरांवर ढग अडकलेले आणि खाली शर्टाच्या बाह्या वर कराव्यात असं ऊन. आप्रवासी घाटाच्या पायऱ्यांवर बाबा बराच वेळ उभे राहिले. "आपल्यातली माणसं हितं उतरली," एवढंच म्हणाले. संध्याकाळी बहिणीच्या गच्चीवर वारा इतका होता की आईनं पदर कमरेला खोचला. बोट शुक्रवारचीच धरलीय. कड्याच्या आतून, दिवस बदलायची मुभा, लिहून घेतलंय.

उद्यमनगर_लेथ (शुक्रवार, संध्याकाळी ७.१०)

जाऊन आलो.

सकाळी नऊला धक्क्यावर पोचलो तेव्हा सर चालू होती. बोटवाला पूर्वेकडं बघून म्हणाला, अर्धा तास. मी मोबाईल खिशातून काढलाच नाही. दहा वाजून पाच मिनिटांनी निघालो. पाणी आरपार दिसत होतं, तळाची वाळू आणि तिच्यावर बोटीची सावली. आई डोळे मिटून, मुठीत लिंबू धरून बसली होती. मध्यावर कधीतरी तिनं डोळे उघडले आणि परत मिटले नाहीत. लिंबू तसंच परत आलं.

बाबा पुढच्या बाकावर. रुमाल डोक्याला बांधलेला, हात बोटीच्या काठावर. भट्टीच्या ठिणग्यांचे जुने डाग असलेला उजवा हात त्यांनी पाण्याला लावला आणि बेट येईपर्यंत काढला नाही. लांब कड्यावर लाटा फुटत होत्या, त्याचा घुमल्यासारखा आवाज येत होता. त्यांनी विचारलं, "ह्योच वारा पंचगंगेला येतो व्हय?" मी गुरुजींनी सांगितलं तसं सांगितलं, सोमालियाकडून वळून वगैरे. ते बराच वेळ वाऱ्याकडं तोंड करून बसले होते.

आता त्यांनी हे लिहायला बसवलंय. बंधाऱ्यावर किती झालं, ते विचार म्हणालेत.

ऊसवाला_शिरोळ (शुक्रवार, संध्याकाळी ७.२५)

काकांना सांगा, सकाळी ४० फुटांवर होतं, आता ३९ फूट ४ इंच. उतरतंय. राधानगरीचा एकच दरवाजा उघडा आहे. नरसोबाच्या वाडीला परवा दक्षिणद्वार झाला, म्हणजे नदीचं पाणी देवळात शिरून दक्षिण दारानं बाहेर पडलं. म्हशी अजून जयसिंगपूरलाच ठेवल्यात.